नव्या कैरीची फोड

"खा," सीलास मास्तर म्हणाला आणि कैरीची फोड त्यानं सुकरीच्या तोंडासमोर धरली.

फोडीला मीठ लावलेलं होतं. तेवढी दया मास्तरकडे होती. प्रार्थनाघराच्या अंगणात अर्धं येरमेटोला गाव जमलं होतं. कोणी मुद्दाम आलेलं, कोणी मोहफुलं वेचून घरी जाताना टोपली डोक्यावरच ठेवून थबकलेलं. गावातले आंबे कैऱ्यांनी लगडले होते, पण अजून एकाही घरात कैरी चिरली गेली नव्हती, की एखाद्या पोरानं दगड मारून पाडली नव्हती. मरका पंडुम, म्हणजे नव्या कैरीचा सण, झाल्याशिवाय येरमेटोल्यात कोणी नवी कैरी तोंडात घालत नसे. गावाचा पुजारी झिंगू गायता मोठ्या आंब्याखाली पूजा करणार, पहिल्या कैऱ्या चिरणार, घराघराचे वाटे लावणार आणि मग सगळं गाव एकदम खाणार, अशी रीत होती.

आणि म्हणूनच मास्तरनं ही परीक्षा काढली होती. बाप्तिस्मा मागणाऱ्याला लिहिता-वाचता येत नाही, प्रश्नांची उत्तरं धड पाठ होत नाहीत, मग त्याचा विश्वास मोजायचा कशानं? मास्तरनं ठरवलं, कैरीनं. पंडुमाच्या आधी, गावादेखत जो खाईल, त्याच्या मनातली जुन्या देवांची भीती गेली.

लच्छूनं मघाशीच खाल्ली होती. आलापल्लीच्या लाकूडडेपोवर सागाचे ओंडके ओढणारा दांडगा गडी तो, पण फोड तोंडात टाकताना त्यानं डोळे मिटून घेतले होते. झिंगू गायत्यानं मान फिरवली. लच्छूची बायको उठून घरी निघून गेली. मास्तर म्हणाला, "शाब्बास!"

आता सुकरीची पाळी होती. म्हातारीनं फोडीकडे पाहिलं, मग मास्तरकडे.

"नाई खात, मास्तर."

"भेव वाटते का? देव कोपंल म्हनून?"

"देवाचं मले का ठाऊक? पर गावानं खाल्ली नाई न अजून."

"गावाचं सोड. तू आपलं पाहा. देवाच्या राज्यात ज्याचं त्यालेच जा लागते. तिथी गाव नाई येत संगं."

सुकरीनं अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या पोरांकडे बोट केलं. "त्या लेकरायचे तोंड पाहा बरं. पानी सुटून राह्यलं त्यायच्या तोंडाले. समद्यायच्या आधी एकटीनं कसं खाव? वाटे होऊ द्या, मंग खाईन. तुमी म्हनसान तितक्या खाईन."

लोक हसले. त्या हसण्यात मास्तरची टिंगल नव्हती, म्हातारीचं कौतुक होतं. पण हसू म्हटलं की सीलासला ते आपल्यावरच वाटायचं. त्यानं ती फोड उचलली आणि सगळ्यांसमोर स्वतःच चावून खाल्ली. कैरी इतकी आंबट होती की दात आंबले, तरी त्यानं चेहरा वाकडा होऊ दिला नाही.

"यंदा तुझं नाव नाई, सुकरी," तो म्हणाला.

सुकरीनं हातातली काठी जमिनीवर टेकली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून तशीच बसून राहिली. जायला उठली नाही.

सीलास मास्तर दुष्ट नव्हता. तसा असता तर गोष्ट सोपी झाली असती. मिशननं त्याला ह्या रानात उपदेशक म्हणून पाठवलं, तेव्हा त्याला गोंडी भाषेतला एक शब्द येत नव्हता. आता तो गोंडीत भांडूही शकत होता. गावात हिवताप आला की कोयनेलच्या गोळ्या घेऊन तो घरोघर फिरायचा, कडू म्हणून थुंकणाऱ्यांना रागावायचा, पुन्हा द्यायचा. पण मागं शेजारच्या एका पाड्यावरच्या घराला त्याच्या शब्दावर बाप्तिस्मा दिला गेला आणि महिना उलटायच्या आत त्या घरानं जुन्या देवाला कोंबडं कापलं. ती बातमी चांद्याला पोचली. मिशनच्या सभेत भरल्या मंडळीत कोणीतरी म्हणालं, "सीलासची माणसं जरा वाळवून घेत जा. ओलीच आणतो तो." सगळे हसले. सीलासही हसला, कारण दुसरं करणार काय? पण त्या दिवसापासून त्याला असा काही पुरावा हवा होता, ज्यावर कोणी हसू शकणार नाही.

आणि सुकरीला हवी होती तिची मंगली.

मंगली चांद्याच्या मिशन दवाखान्यात आया म्हणून लागली होती. तिथंच तिला क्षय झाला, तिथंच तिनं बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्याच मातीत तिला पुरलं. ती बातमी घेऊन सीलास सुकरीच्या झोपडीत गेला होता. रडणाऱ्या माणसाला सांगतात तसं त्यानं सांगितलं, "रडू नको. मंगली देवाच्या राज्यात गेली." सुकरीनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "कुठी आलं ते? मले कसं जाता येईल?"

सीलासनं बोलायची रीत म्हणून म्हटलं होतं. म्हातारीनं तो पत्ता समजून मनात धरला. येरमेटोल्यात माणूस मेलं की गावाच्या वेशीवर त्याच्या नावाचा दगड उभा करत. मंगलीचा दगड नव्हता, कारण तिची माती दुसरीकडे, दुसऱ्या रीतीनं झाली होती. "इथी तिचा दगड नाई अन् तिथी तिचं मानूस नाई," सुकरी म्हणायची. "एकटी हाय पोरगी. अंधाराले भेते ते." म्हणून दर रविवारी काठी टेकत ती प्रार्थनेला यायची. प्रार्थना तिच्या तोंडी कधी बसली नाही. 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' असं सगळे म्हणत, तेव्हा तिचा आवाज मागून वेगळाच यायचा, "आज समद्यायले भात दे." सीलासनं किती वेळा सुधारलं. पुढच्या रविवारी पुन्हा भात.

एकदा त्यानं सांगितलं की देवाच्या राज्याचं दार अरुंद आहे. सुकरीनं विचारलं, "तिथी नाकेदार बसते का?" जंगलखात्याच्या नाक्यावर सरपणाच्या मोळीचा पास दाखवल्याशिवाय बायांना पुढं जाऊ देत नसत, ते तिच्या डोळ्यांसमोर होतं.

"नाकेदार नाई," सीलास म्हणाला होता. "विश्वास हाच पास."

"अन् तो कोन पाह्यते?"

 नकळत सीलासची मान जराशी ताठ झाली होती.

घरी रंभानं ताट वाढलं. परीक्षेचं वर्तमान तिच्यापर्यंत मास्तरच्या आधी पोचलं होतं. मास्तरची ही बायको प्रार्थनेत मान खाली घालून बसायची आणि घरी आल्यावर नवऱ्याच्या प्रवचनातल्या चुका काढायची.

"म्हातारीले काऊन छळता?" ती म्हणाली.

"छळत नाई. कच्चं मानूस पुढं केलं त उद्या माह्यंच नाक कापलं जाईन."

"तुमचं नाक वाचवाले तिची पोरगी अडकून पडली."

"तुले नाई समजत. भेव गेल्याशिवाय विश्वास कसा येईन? कैरी खाले भेते ते!"

"मंग मी बी भेतो म्हना." रंभानं त्याच्या ताटात भात ओढला. "इतके वर्षं इथी राह्यलो, पंडुमाच्या आधी एक कैरी नाई आनली घरात. तुमाले तरी पत्ता लागला का? शेजारीन उपाशी असल अन् आपल्या घरून फोडनीचा वास सुटल, बरं दिसते का ते?"

सीलासनं मान खाली घालून घास घेतला. दात आंबलेले होते आणि भात चावताना ते शिवशिवत होते.

"अन् निवडनुकीत म्हातारी मत टाकाले गेली," रंभा पाणी ठेवता ठेवता म्हणाली, "तवा कोनी तिले इचारलं नाई तुले का येते म्हनून. बोटाले शाई लावली अन् म्हनले, जाय आत. सरकारच्या घरी सोपं हाय अन् देवाच्याच घरी एवढी नाकाबंदी!"

दुसऱ्या दिवशी मिशनचे पाळकसाहेब चांद्याहून मोटरीनं आलापल्लीला आणि तिथून बैलगाडीनं आले. ते मूळचे नगरकडचे, वयस्कर. गाडीच्या धक्क्यांनी कंबर धरलेली, तरी हसरे. उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्षातून एकदा त्यांची फेरी व्हायची आणि बाप्तिस्मे तेव्हाच होत. उपदेशकाला तो अधिकार नव्हता.

"सुकरीबाईचं नाव होतं ना?" त्यांनी आल्या आल्या विचारलं. "मंगलीची आई. मंगलीला मीच बाप्तिस्मा दिला होता. शेवटी शेवटी आईचीच आठवण काढायची."

सीलासच्या जिभेवर सगळं होतं. म्हातारी काय म्हणाली, लोक का हसले, पोरांच्या तोंडाला सुटलेलं पाणी. पण ते सांगायचं म्हणजे कैरीची परीक्षाही सांगायला हवी होती, आणि साहेबांनी भुवया वर करून 'ही परीक्षा कुठल्या शास्त्रात आहे?' असं विचारलं असतं तर?

"नाही साहेब," तो म्हणाला. "अजून जुन्या देवांची भीती आहे तिच्या मनात. पुढच्या वर्षी पाहू."

"तुम्ही जवळ असता, तुम्हाला कळतं," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी विश्वास टाकला, त्याची सीलासला भलतीच लाज वाटली. पण ती त्यानं गिळली. दोन दिवसांत गिळायची ही दुसरी वस्तू होती.

गावाखालच्या नाल्यात एका डोहात तेवढं कमरेएवढं पाणी उरलं होतं आणि डोहातून एक बारीक धार दगडांतून खाली वाहत होती. लच्छूला हात धरून पाण्यात नेलं. पाळकसाहेबांनी सांगितलं, पाण्यानं आणि आत्म्यानं माणूस पुन्हा जन्मतो, आणि अशा जन्मल्याशिवाय देवाचं राज्य त्याला दिसत नाही. लच्छू पाण्याखाली गेला, वर आला, नाकातोंडातलं पाणी झटकत हसला. काठावरची चार माणसं गाऊ लागली. सीलासही गात होता. गाता गाता त्याची नजर खाली गेली.

नाल्याच्या खालच्या अंगाला, डोहातून निघालेली धार जिथं वाळूत पसरली होती, तिथं सुकरी बसली होती. पाय पाण्यात सोडलेले. वाकून तिनं ओंजळ भरली आणि ते पाणी डोक्यावर थापलं. सीलास तिच्याकडे पाहतो आहे असं दिसताच ती तिथूनच म्हणाली, "इथवर येते न, मास्तर, ते पानी."

सीलासच्या तोंडातलं गाणं थांबलं.

वैनगंगेच्या काठचं त्याचं गाव. तिथं त्याच्या बापाच्या, लटारू महाराच्या घरचं पाणी खालच्या घाटाचं. वरच्या घाटावर पाटलाच्या म्हशी धुतल्या जायच्या आणि तेच पाणी वाहत वाहत खाली यायचं. लटारू पोराला सांगायचा, वरून आलं ते चालवून घ्या लागते. मग एक दिवस मिशनचा गोरा म्हातारा आला. त्यानं लटारूच्या पोराचा हात धरला आणि वरच्या घाटावर नेऊन उभं केलं. देवाच्या राज्यात वरचा घाट आणि खालचा घाट नसतो, असं तो मोडक्या मराठीत म्हणाला होता. देवाच्या राज्याबद्दल सीलासनं ऐकलेली ही पहिली गोष्ट. पुढं तो पुष्कळ शिकला, पण ख्रिस्ती झाला तो ह्या एका वाक्यावर.

आणि आज वरच्या घाटावर तो उभा होता.

त्याच वेळी पुढं जावं, म्हातारीला हाताला धरून डोहात आणावं, साहेबांना म्हणावं की मी खोटं बोललो. एवढंच करायचं होतं. पण साहेब ओल्या कपड्यांनी काठावर आले, त्यांना पंचा द्यायला हवा होता, गाडीवानाला सांगायला हवं होतं. लाज वाटत असली की माणसाला कामं फार सुचतात.

प्रार्थनाघरात पाळकसाहेबांनी मेजवानीची गोष्ट सांगितली. एका धन्यानं मोठं जेवण घातलं आणि मोठमोठ्यांना बोलावणी धाडली. एकानं शेताचं निमित्त काढलं, एकानं बैलांचं, एकानं नव्या बायकोचं. मग धन्यानं चाकरांना पिटाळलं, की रस्त्यावरचे लंगडे, आंधळे, भिकारी दिसतील ते आणा. ते आले तरी जागा उरली. तेव्हा धनी म्हणाला, बांधाबांधाला जा, आग्रह करून आणा, पण माझं घर भरलं पाहिजे. देवाचं राज्य असं आहे, पाळकसाहेब म्हणाले.

सुकरी उंबऱ्याबाहेर बसून ऐकत होती. बाप्तिस्मा न झालेल्यांनी बाहेर बसावं असा काही नियम नव्हता. ती आपणहूनच बाहेर बसली होती. गोष्ट संपली तशी ती खुदकन हसली आणि सीलासकडे पाहून गोंडीत भरभर बोलली. आनंद झाला की तिला मराठी सुचत नसे. ती म्हणाली, हा धनी तर आपल्या गायत्यासारखाच निघाला! घर भरल्याशिवाय ह्यालाही घास गोड लागत नाही. मग मास्तर, माझं काय चुकलं होतं?

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती खरंच विचारत होती.

पाळकसाहेबांना गोंडी येत नव्हती. त्यांनी कौतुकानं विचारलं, "काय म्हणते ती, सीलास?"

सगळे सीलासकडे पाहू लागले. रंभा बायकांत बसली होती. तिनंही मान वर केली.

"काही नाही साहेब," सीलास म्हणाला. "पाणी मागते आहे."

"मग द्या ना आधी! उन्हाची आली असेल बिचारी."

सीलास उठला. माठातलं पाणी त्यानं लोट्यात घेतलं आणि उंबऱ्यापर्यंत नेलं. सुकरीला मराठी कळत होती. तिनं लोट्याकडे पाहिलं, मग बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडे. एका शब्दानं ती सगळं उघडं पाडू शकत होती. तिनं लोटा घेतला, मान मागं टाकली आणि तहान नसताना सगळं पाणी पिऊन टाकलं. रिकामा लोटा पदरानं पुसून तिनं त्याच्या हातात दिला.

"पाह्यजेच होतं पानी," ती मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

रंभानं मान खाली घातली. त्या रात्री ती नवऱ्याशी बोलली नाही, आणि चूक काढली असती तर बरं झालं असतं, असं सीलासला पहिल्यांदाच वाटलं.

साहेबांची गाडी गेल्यावर थोड्याच दिवसांत पंडुम झाला. दिवसभर गावात ढोल वाजत होता. सीलास दार लोटून घरात बसला. उन्हं उतरल्यावर दारावर काठी वाजली. सुकरी उभी होती, हातात पळसाचं पान, पानावर कैरीच्या फोडी.

"तुमच्या घरचा वाटा," ती म्हणाली.

"माह्या घरचा?"

"दर साली असते. बाई घेते." तिनं आत रंभाकडे मानेनं दाखवलं. रंभा चुलीशी बसून होती.

सीलासचे कान गरम झाले. "मी त आधीच खाल्ली, सुकरी. समद्यायसमोर खाल्ली."

"पाह्यली न समद्यायनं. म्हनून का वाटा जाते?" तिनं पान उंबऱ्यावर ठेवलं. "आधी खाल्ली त मानूस हावरं म्हनतीन, पर गावातून थोडीच काढतीन?"

ती वळली आणि काठी टेकत गेली. एवढं सोपं असतं, ह्याच्यावर सीलासचा विश्वास बसेना. तो उंबऱ्याच्या आत उभा होता आणि वाटा बाहेर होता. शेवटी रंभा उठली आणि पान आत घेऊन आली.

पावसाळ्यात सुकरीला हिवताप आला. सीलासनं कोयनेल दिलं, रंभानं पेज नेली, पण म्हातारीनं धरलेलं अंथरूण सोडलं नाही. श्रावणात नाला दुथडी भरून वाहू लागला. आलापल्लीची वाट बंद, तिथं चांद्याच्या पाळकाची गोष्टच नको. माणूस मरणाच्या दारात असेल तर कोणीही विश्वासणारा बाप्तिस्मा देऊ शकतो, हे सीलासला माहीत होतं. ते आधीच माहीत होतं. तरी झोपडीत जायला त्याला धीर गोळा करावा लागला. एका दुपारी पाऊस उघडला तसा तो लोटा भरून गेला.

सुकरीनं डोळे उघडले. लोटा पाहिला आणि सुकलेल्या ओठांनी हसली.

"आता त कैऱ्या नाई, मास्तर. परीक्षा कशी घेसान?"

सीलास तिच्याजवळ जमिनीवर बसला. लोटा हातात तसाच होता.

"परीक्षा नाई, सुकरी. माह्यं चुकलं. सायबाले मी खोटं सांगतलं. तू भेली म्हनून सांगतलं. तू जे बोलली ते त्याले कळू नाई देल्लं. मले लाज वाटत होती."

"मालूम हाय."

"मंग तू काऊन नाई बोलली?"

"तुमच्या सायबासमोर तुमचं तोंड खाली कराव का?" एवढं बोलूनच तिला धाप लागली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पोरंबाळं तापले का तुमीच येता कोयनेलच्या गोया घेऊन."

सीलासच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. ते पुसायचं त्याला सुचलं नाही. "नाल्यावर नाई नेलं तुले," तो म्हणाला. "आता देतो बाप्तिस्मा. हे पानी आनलं."

सुकरीनं मान हलवली. नाही म्हणून.

"ते झालं न. मी खाली बसलो होतो, वरून आलं ते पानी. एकडाव जनम झाला, दुसऱ्यांदा कायले?" तिनं डोळे मिटले. सीलासला वाटलं, झोपली. पण तिचा हात चाचपडत लोट्यापर्यंत आला. "त्या दिवशी तुमी सायबाले सांगतलं न, मी पानी मांगून राह्यलो म्हनून?"

"हो."

"आज मांगतो. द्या."

सीलासनं तिच्या मानेखाली हात घातला आणि लोटा तिच्या ओठांना लावला. ती थांबत थांबत प्याली. निम्मं पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. सीलासला तो ओघळ पुसता आला असता. त्यानं पुसला नाही.

ती दोन दिवसांनी गेली. वेशीवर गावानं तिचा दगड उभा केला आणि त्याच्या बाजूला आणखी एक, लहान. झिंगू गायत्यानं सीलासला विचारलं नाही, नुसतं सांगितलं, "मंगलीचा बी ठेवला. मायलेकी एका जागी राहू दे." सीलास सगळ्यांच्या मागं उभा होता. गावाचं आटोपल्यावर झिंगू म्हणाला, "मास्तर, तुमचं बी का असन ते म्हना. तुमच्या इथी बी येत होती ते."

सीलासनं प्रार्थना म्हटली. भाकरीच्या ओळीला तो अडला आणि मग म्हणाला, "आज समद्यायले भात दे." कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. रंभाला मात्र वाटलं.

हिवाळ्यात चांद्याच्या सभेत तो उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. कैरी सांगितली, नाला सांगितला, लोटा सांगितला. कोणी हसलं नाही. हसले असते तर त्याला सोपं गेलं असतं. पाळकसाहेब कितीतरी वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "आणि मी म्हटलं, पाणी द्या तिला." मग ते पुढच्या विषयाकडे वळले. सीलासला नोकरीवर ठेवलं गेलं. येरमेटोल्यातच ठेवलं गेलं.

चैत्र आला. आंबे लगडले. प्रार्थनाघराच्या अंगणात त्या वर्षी कैरी चिरली गेली नाही. पंडुमाच्या दिवशी सीलास दार लोटून बसला नाही. मोठ्या आंब्यापर्यंत गेला आणि लोक पूजा करत होते त्या जागेपासून लांब, पंगतीच्या शेवटी, पोरांच्या पलीकडे जाऊन बसला. लच्छू बायकोशेजारी बसला होता. त्यानं मास्तरला पाहिलं आणि नजर खाली घातली, मास्तरनंही घातली.

झिंगू पानं मांडत गेला. घराचं नाव घ्यायचं, पान ठेवायचं. मास्तरच्या घराचं नाव आलं तसं त्याच्यासमोरही एक पान आलं. मग झिंगू थबकला. हातात एक पान उरलं होतं. गेल्या वर्षभरात जे मेलं, त्याचा वाटा एक साल त्याच्या माणसाला द्यायचा असा नेम होता.

"सुकरीचा कोनाले देऊ?" त्यानं पंगतीला विचारलं. "तिचं मानूस कोन हाय?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. सीलासचा हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि अर्ध्या वाटेतच पुन्हा गुडघ्यावर आला. मागायला त्याला तोंड नव्हतं. त्यानं जमिनीकडे पाहिलं.

झिंगूची पावलं पंगतीच्या कडेनं चालत आली आणि त्याच्यासमोर थांबली. पहिल्या पानाशेजारी दुसरं पान ठेवून झिंगू परत गेला.

फोडींना मीठ लावलेलं होतं. पलीकडचं पोरगं वाट पाहत पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतं. सीलासनं दोन्ही पानांवर हात आडवा धरला, माशा बसू नयेत म्हणून, आणि तो सगळ्यांचे वाटे होईपर्यंत थांबला.